तर्क करणाऱ्या श्रोत्यांची कैफियत

अद्याप प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रिकेविषयी, स्टुडिओतून बाहेर आलेल्या तुटपुंज्या खुणांच्या आधारे तर्क करीत बसणारा श्रोता हा खरा रसिक नव्हे, तो कलावंताच्या दाराला कान लावून बसलेला उपद्रवी इसम होय, असे मत सुशिक्षित संगीतप्रेमींच्या बैठकीत हल्ली इतक्या निःशंकपणे मांडले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. या मताचे पुरस्कर्ते सांगतात की कृती पूर्ण होऊन हाती येईपर्यंत श्रोत्याने मौन पाळावे. कोणत्या दिवशी कोणता वादक स्टुडिओत गेला, फितीच्या खोक्यावर कोणते नाव लिहिले होते, यादीतले हस्ताक्षर कोणाचे, या गोष्टींचा संगीताशी काडीमात्र संबंध नाही. आणि जो त्यांत रमतो त्याचे ऐकणे संपून केवळ बोलणे उरले आहे. हे मत मला चुकीचे वाटते, आणि नुसते चुकीचे नव्हे, अन्यायाचे वाटते. कारण गेल्या शतकातील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातली एक अत्यंत महत्त्वाची कृती आज जगाला ऐकावयास मिळते, तिच्या उद्धारात याच तर्कपंथी श्रोत्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्यावर दोषारोप करणाऱ्यांनी त्या इतिहासाकडे पाहण्याची तसदी घेतलेली दिसत नाही.

ती कृती म्हणजे कॅलिफोर्नियातील ‘बीच बॉइज’ या बँडची ‘स्माइल’. १९६६ च्या मे महिन्यात या बँडची ‘पेट साउंड्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि ऑक्टोबरात ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे सुटे गीत प्रसिद्ध झाले, जे फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत लॉस एंजेलिसमधील चार निरनिराळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होत होते आणि जे डिसेंबरात अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोचले. बँडचा संगीतकार ब्रायन विल्सन तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच पद्धतीने एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका रचावयाची, अमेरिकेच्या भूमीची, तिच्या इतिहासाची, बालपणाची आणि महाभूतांची एक सलग गाथा ध्वनीत उभी करावयाची, असा संकल्प करून त्याने व्हॅन डाइक पार्क्स या गीतकाराला हाताशी धरले. फ्रँक होम्स या चित्रकाराने वेष्टनासाठी हास्य विकणाऱ्या दुकानाचे चित्र काढले, कॅपिटॉल या ध्वनिमुद्रण कंपनीने त्याची चार लाखांहून अधिक वेष्टने छापली आणि जाहिराती दिल्या. जानेवारी १९६७ उलटला, वसंत उलटला. ६ मे १९६७ च्या एका ब्रिटिश संगीतसाप्ताहिकात बँडचे प्रसिद्धिकार्य पाहणारे डेरेक टेलर यांनी ही ध्वनिमुद्रिका मोडीत निघाल्याचे जाहीर केले. आणि सप्टेंबरात तिच्या जागी ‘स्मायली स्माइल’ ही बहुतांशी घरच्या घरी मुद्रित केलेली, मुद्दाम साधी ठेवलेली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. छापून तयार असलेल्या वेष्टनांत घालावयाची तबकडी मात्र कधीच निघाली नाही.

येथे त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीत नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण वादाचा सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. सामान्य शिरस्ता असा होता की गीत आरंभापासून अखेरपर्यंत वादकांनी वाजवावे, त्यावर गायकांनी गावे, आणि उत्तम उतरलेला प्रयत्न ठेवून घ्यावा. ब्रायनने हा शिरस्ता मोडला. तो अर्ध्या मिनिटाचा, मिनिटभराचा एकेक खंड स्वतंत्रपणे मुद्रित करी. या खंडाला एका स्टुडिओच्या दालनातला घुमारा हवा, त्या खंडाला दुसऱ्याचा, म्हणून स्थळे बदली. आणि मग फीत कापून, जोडून, पुन्हा कापून त्या खंडांचा क्रम लावी. त्यामुळे एकाच गीताचे अनेक आकार संभवू लागले, इतकेच नव्हे तर एका गीताचा खंड दुसऱ्या गीतात जाऊन बसू लागला. ‘डू यू लाइक वर्म्स’ या नावाखाली मुद्रित झालेली सायकलस्वाराची धून १९६७ च्या जुलैत ‘हीरोज अँड व्हिलन्स’ या गीताच्या ध्रुवपदात प्रकट झाली. हा खंड मूळचा कोठला, तो या गीतातून त्या गीतात का गेला, गेल्यानंतर पहिल्या गीतात त्याच्या जागी काय उरले, हे प्रश्न कोण्या रिकामटेकड्याने बाहेरून आणून चिकटवलेले नाहीत. ते खुद्द रचनाकारापुढे त्या महिन्यांत रोज उभे होते, आणि ज्याच्या कानाला ती धून दुसऱ्या ठिकाणी ओळखू आली त्याच्यापुढे ते आपोआप उभे राहणार होते. अशा संगीताविषयी ‘नुसते ऐका, तर्क करू नका’ असा हुकूम सोडणाऱ्याला ते संगीत कसे घडले आहे याची कल्पना नाही, असेच म्हणावे लागते. खंडांच्या क्रमाचा विचार हाच येथे रचनेचा विचार आहे, आणि त्यापासून अलिप्त राहून केलेले श्रवण हे अर्ध्या कृतीचे श्रवण होय.

आता या तर्कपंथीयांनी पुरावा म्हणून काय हाताळले ते पाहावे. डिसेंबर १९६६ मध्ये कॅपिटॉलच्या हाती बारा गीतांची एक हस्तलिखित यादी पडली, आणि तिच्याच आधारे वेष्टनाच्या मागील बाजूस नावे छापली गेली. वरवर पाहणाऱ्याने ही यादी मिळताच वाद संपला असे मानले असते. तर्क करणाऱ्या श्रोत्यांनी तसे मानले नाही. त्यांनी दाखवून दिले की खऱ्या क्रमासाठी तबकडीवरील चिठ्ठी पाहावी अशी सूचना त्याच वेष्टनावर छापलेली आहे, म्हणजे छापणाऱ्यांनाही हा क्रम अंतिम वाटत नव्हता. आणि यादीचे हस्ताक्षर ब्रायनचे दिसत नाही. यादी म्हणजे कंपनीच्या निकडीपोटी पुढे केलेला एक कामचलाऊ दस्तऐवज, रचनाकाराचा निर्णय नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष मला दफ्तरखान्यातील कोणत्याही सावध अभ्यासकाच्या निष्कर्षाइतका भक्कम वाटतो.

दुसरे साधन म्हणजे वादकांच्या संघटनेचे कागद. लॉस एंजेलिसमध्ये भाडोत्री वादकांना मोबदला मिळावा म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या वेळी तारीख, स्थळ, वेळ, वादकांची नावे आणि रचनेचे नाव नोंदवले जाई. ढोलवादक हॅल ब्लेन, बास गिटार वाजवणारी कॅरोल के यांसारख्यांच्या मेहनतान्याचा हिशेब त्यांतच आहे. हे कागद संगीताच्या इतिहासासाठी लिहिलेले नव्हते, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे, कारण ज्याला वैभव मिरवावयाचे नसते असा हिशेबाचा कागद सहसा खोटे बोलत नाही. डेरेक टेलर यांनी मेच्या आरंभी कृती मोडीत काढल्याचे जाहीर केले खरे, पण त्याच महिन्याच्या मध्याला ‘लव्ह टू से दादा’ या रचनेचे मुद्रण चालू होते, ही गोष्ट नोंदींवरून सिद्ध होते. जाहीरनामा एक सांगतो आणि कारभाराचा कागद दुसरे. अशा वेळी कागदाकडे पाहणाऱ्या श्रोत्याला आपण भोचक म्हणावे, की जाहीरनाम्यावर डोळे मिटून विश्वासणाऱ्याला भोळा म्हणावे?

याहून बोलका दाखला अग्नीच्या रचनेचा आहे. २८ नोव्हेंबर १९६६ रोजी गोल्ड स्टार स्टुडिओत शिकागोच्या १८७१ मधील भीषण अग्निप्रलयावरून सुचलेली एक वाद्यरचना मुद्रित झाली. वादकांच्या डोक्यांवर अग्निशामकांची खेळण्यातली शिरस्त्राणे घातली होती. लगतच्या परिसरात आग लागल्याचे पुढे कानी आल्यावर ब्रायन विलक्षण घाबरला, आपल्या संगीतानेच ती लावली की काय अशा शंकेने त्याने ती रचना दूर सारली, आणि ती फीत आपण नष्ट केल्याचे नंतर सांगितले. कलावंताची जबानी म्हणून जगाने ते मान्य केले. फीत मात्र कंपनीच्या तळघरात शाबूत होती. खोकी, नोंदी आणि हाती आलेल्या प्रती यांचा मेळ घालणाऱ्या लोकांमुळे ती रचना दंतकथेतून बाहेर निघून कानांपर्यंत पोचली. कलावंताच्या शब्दावर अविश्वास दाखवणे हा उद्धटपणा नव्हे. भयग्रस्त माणसाच्या जबानीपेक्षा फितीची साक्ष ग्राह्य मानणे, हे त्या माणसाच्या कृतीशी इमान राखणे आहे.

माझ्या या प्रतिपादनावर आक्षेपकांचे सर्वांत धारदार उत्तर ‘बीटल्स’च्या प्रकरणाचे असते. १९६९ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या एका आकाशवाणी केंद्रावर पॉल मॅकार्टनी मरण पावल्याची आवई उठली आणि पाहता पाहता हजारो श्रोते ‘अॅबी रोड’च्या वेष्टनावरील त्याची अनवाणी पावले, उभ्या मोटारीचा क्रमांक, उलट्या फिरवलेल्या फितीतून निघणारे अस्फुट शब्द यांतून मृत्यूची ग्वाही काढू लागले, अखेर ‘लाइफ’ नियतकालिकाच्या लोकांनी पॉलला स्कॉटलंडमधील शेतावर गाठले तेव्हा ती लाट ओसरली. खुणा शोधण्याची सवय येथवर नेते, असे आक्षेपक म्हणतात. ते प्रकरण लाजिरवाणे होते हे मी निर्विवाद मान्य करतो. परंतु त्यात आणि ‘स्माइल’च्या शोधात जो फरक आहे तो पायाभूत आहे. तेथे निष्कर्ष आधी ठरला होता आणि खुणा मागाहून जमवल्या गेल्या; कोणतीही खूण त्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाऊच शकत नव्हती, कारण विरुद्ध जाणारी प्रत्येक गोष्ट कटाचाच भाग ठरवली जात होती. ‘स्माइल’विषयीचा प्रत्येक तर्क मात्र फितीने खोडून काढता येण्याजोगा होता, आणि अनेक तर्क तसे खोडले गेले. ‘एलिमेंट्स’ या शीर्षकाखाली अग्नीखेरीज कोणत्या रचना येणार होत्या, ‘विंड चाइम्स’ म्हणजे वायू आणि ‘व्हेजटेबल्स’ म्हणजे पृथ्वी असे समजावे काय, यावर वर्षानुवर्षे मतभेद राहिले. ज्यांनी वायूचा पक्ष घेतला त्यांना प्रतिपक्षाने विचारले की मग बारा गीतांच्या यादीत ‘विंड चाइम्स’ हे ‘एलिमेंट्स’हून वेगळे का नोंदले आहे. असा प्रश्न विचारला जातो, त्याला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर न सापडल्यास मत सोडावे लागते, तेथे अफवा नसते, शास्त्रार्थ असतो. एका व्यक्तीच्या मरणाविषयीच्या कुजबुजीवरून दुसऱ्या कृतीच्या चिकित्सेला दोषी धरणे न्यायाला धरून नाही.

याहून गंभीर, आणि मला विचार करावयास लावणारा, आक्षेप असा आहे की पाठचिकित्सेला निदान एक मूळ संहिता गृहीत धरता येते. ‘स्माइल’ तर कधी पूर्ण झालीच नाही, मग तिचा ‘खरा’ क्रम शोधणे म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचा माग काढणे होय. हा आक्षेप घेणाऱ्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे उदाहरण आठवावे. १९१९ मध्ये आरंभलेले ते कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. आणि त्याचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आपण व्यासांचा मूळ ग्रंथ परत मिळवीत आहोत असा दावा कधीच केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या साक्षीने जितके मागे जाता येईल तितके जावे, आणि तेथे थांबलो हे स्पष्ट सांगावे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. मूळ हाती लागणार नाही हे जाणूनही साक्षींची तुलना करता येते, कोणता पाठ आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवता येते, प्रक्षिप्त काय ते दाखवता येते. ‘स्माइल’च्या उत्तम अभ्यासकांची भूमिका नेमकी हीच राहिली. ब्रायनच्या मनात नोव्हेंबर १९६६ मध्ये एक आराखडा होता आणि मार्च १९६७ मध्ये दुसरा, हे त्यांनीच खंडांच्या तारखांवरून प्रथम ध्यानात आणून दिले. ‘खरा क्रम एकच’ हा हट्ट त्यांच्यांतील जाणत्यांनी धरला नाही. अपूर्णतेचा शोध लावणारे तेच, आणि अपूर्णतेचे भान नसल्याचा ठपका त्यांच्यावरच, हा उलटा न्याय आहे.

उरला दयेचा मुद्दा. हा मुद्दा मी हलका मानीत नाही. ब्रायन विल्सन दीर्घकाळ मनोविकाराने ग्रस्त होता, आणि ‘स्माइल’चे नावही पुढे अनेक वर्षे त्याला नकोसे झाले होते, अशा माणसाला गाठून त्या अपयशाविषयी पुन्हापुन्हा विचारणारे, त्याच्या आजाराची रसभरित वर्णने छापणारे, वेडाला प्रतिभेचे लक्षण ठरवून त्याच्या दुःखावर मनोरंजन करून घेणारे लोक होते, आणि त्यांचा मी निषेध करतो. फितीविषयी तर्क करावा, रुग्णाविषयी करू नये, ही मर्यादा श्रोत्यांनी काटेकोरपणे पाळली पाहिजे, आणि जेथे ती ओलांडली गेली तेथे दोष द्यावाच. पण १९६७ मध्ये ती कृती बुडाली त्याला श्रोते कारण नव्हते. कंपनीने मुदती लादल्या होत्या. मानधनाच्या हिशेबावरून बँड आणि कंपनी यांच्यात त्याच वर्षाच्या आरंभी फिर्याद उभी राहिली होती. पार्क्स यांच्या शब्दांचा अर्थ काय, असा सवाल बँडमधील माइक लव्ह याने केला होता आणि पार्क्स अखेर निघून गेले होते. मादक द्रव्ये होती, आजार होता. या सगळ्यानंतर कंपनीने ते खंड तळघरात ठेवून दिले, आणि त्यांतील अर्ध्या तासाचे संगीत अधिकृतपणे एकत्र प्रसिद्ध होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात चोरट्या तबकड्यांतून आणि हस्ते परहस्ते फिरणाऱ्या फितींतून ज्यांनी ते जिवंत ठेवले, खंडांची नावे जुळवली, १९८८ मध्ये डॉमिनिक प्रायोर यांच्या ग्रंथासारख्या संग्रहांतून कात्रणे आणि कागद एकत्र आणले, त्यांच्याकडे कायद्याने पाहिले तर काहींच्या हातून आगळीक घडली असेल. परंतु कृतीच्या दृष्टीने पाहता त्या पंचवीस वर्षांत तिची काळजी वाहणारे दुसरे कोणी नव्हते.

आणि शेवट काय झाला? २००३ मध्ये ब्रायन ही कृती रंगमंचावर आणण्यास सिद्ध झाला तेव्हा विखुरलेले खंड त्याच्यापुढे मांडणारा माणूस होता डॅरियन सहनाजा, जो त्याच्या साथीदारांपैकी एक वादक होता आणि लहानपणापासून या संगीताचा निस्सीम भक्त. पार्क्सही पुन्हा सामील झाले. २० फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ‘स्माइल’ प्रथम सलग वाजली, आणि श्रोत्यांनी उभे राहून तिचा स्वीकार केला. तिचे तीन भाग पाहून अनेक जुन्या तर्कांना धक्का बसला, कारण दोन बाजूंच्या तबकडीची कल्पना बहुतेकांच्या मनात घट्ट होती. उलट ‘व्हेजटेबल्स’, ‘विंड चाइम्स’, अग्नी आणि जल एकाच भागात आलेले पाहून दुसऱ्या काहींचा तर्क बराचसा खरा ठरला. पुढे २०११ मध्ये बीच बॉइजच्या मूळ मुद्रणांचा पाच तबकड्यांचा संच निघाला, त्याची पहिली तबकडी २००४ च्या क्रमालाच प्रमाण मानून रचली गेली, आणि २०१३ मध्ये त्याला ऐतिहासिक ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ११ जून २०२५ रोजी ब्रायन विल्सनचे निधन झाले; सदतीस वर्षे ज्याचा भार वाटला ते काम पुरे करून आणि त्याचा गौरव डोळ्यांनी पाहून तो गेला. ज्या भक्ताने कोवळ्या वयात त्या खंडांच्या जागांचा विचार केला होता तोच त्या वेळी मदतीला उभा राहू शकला, ही घटना आक्षेपकांच्या सिद्धान्तात कोठे बसते ते त्यांनी सांगावे.

सगळे तर्क असे फळत नाहीत हे उघड आहे. २०११ च्या फेब्रुवारीत ‘रेडिओहेड’ या इंग्रजी बँडची ‘द किंग ऑफ लिम्ब्स’ निघाली, आठ गीतांची, सदतीसएक मिनिटांची. ती आखूड वाटली, शेवटच्या गीतातील एका ओळीचा अर्थ सूचक वाटला, आणि दुसरा भाग मागून येणार असा विश्वास अनेकांना वाटला. तो भाग आला नाही. त्यात कोणाचे काय बिघडले? त्या काही आठवड्यांत हजारो श्रोत्यांनी एक अवघड, प्रथमदर्शनी रूक्ष वाटणारी ध्वनिमुद्रिका तिच्या सांध्यासांध्यांकडे लक्ष देऊन पुन्हापुन्हा ऐकली, आणि चुकीच्या अपेक्षेने का होईना तिच्याशी त्यांची ओळख घट्ट झाली.

म्हणून आक्षेपकांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी २०११ च्या संचातील दुसरी तबकडी मिळवावी, जिचा बहुतेक भाग एकट्या ‘हीरोज अँड व्हिलन्स’च्या सुट्या खंडांनी भरलेला आहे, आणि ती अथपासून इतिपर्यंत लक्षपूर्वक ऐकावी. हा खंड त्याच्या आधी यावा की नंतर, असा प्रश्न मनात न येता ती संपवून दाखवावी, आणि मग इतरांना मौनाचा उपदेश करावा.